न्यूमन नेमक्या कोणत्या? परिचर्येच्या सिद्धांतांचा मुळापर्यंत शोध

परिचर्येच्या सिद्धांतकारांमध्ये न्यूमन आडनावाच्या दोन विदुषी आहेत. बेटी न्यूमन यांच्या 1972 मधील प्रारूपात रुग्ण ही एक व्यवस्था असते आणि तिच्याभोवती ताण थोपवून धरणाऱ्या संरक्षक रेषांची वर्तुळे असतात. मार्गारेट न्यूमन यांचे म्हणणे अगदी निराळे आहे. त्यांच्या मते आरोग्य म्हणजे विस्तारत जाणारी जाणीव. इंग्रजीत पहिल्या आडनावाचे तिसरे अक्षर यू आहे, दुसऱ्याचे डब्ल्यू. देवनागरीत उतरताना तेवढाही फरक उरत नाही. रॉजर्स तर तीन आहेत: परिचर्येच्या मार्था, मानसोपचारातले कार्ल आणि नव्या कल्पना समाजात कशा पसरतात हे सांगणारे एव्हरेट. नर्सिंगच्या विद्यार्थिनीला वेगवेगळ्या विषयांत हे तिघेही भेटतात. मायरा लेव्हाइन यांचा संवर्धनाचा विचार आणि कुर्ट लेविन यांचा बदलाचा सिद्धांत यांचीही हस्तलिखित नोट्समध्ये अशीच सरमिसळ होते. म्हणून या विषयात स्रोत शोधायचा, तर सिद्धांतकाराचे पूर्ण नाव, त्याचे इंग्रजी स्पेलिंग आणि मूळ ग्रंथाचे साल या तीन गोष्टी आधी कागदावर लिहून घ्याव्या लागतात. त्या नसतील तर संगणकाला विचारलेला प्रश्नच चुकतो.

सिद्धांताचे काम काय, हेही स्पष्ट असावे. इंजेक्शन कसे द्यावे हे कार्यपद्धती सांगते. खाटेवरच्या माणसाकडे पाहताना परिचारिकेने काय काय पाहावे, कोणती उणीव आपली समजावी आणि केव्हा बाजूला व्हावे, हे सिद्धांत सांगतो. बीएस्सीच्या विद्यार्थिनीला त्यातले दोन-चार सिद्धांत ओळखीपुरते असतात. एमएस्सीच्या प्रबंधात मात्र 'संकल्पनात्मक चौकट' नावाचा भाग लिहावाच लागतो, आणि उसनवारी सर्वांत जास्त होते ती तिथेच. एका प्रबंधातली आकृती दुसऱ्यात जाते, दुसऱ्यातली तिसऱ्यात. बाणांची दिशा बदलते, चौकोनातले शब्द बदलतात, पण मूळ ग्रंथ कोणी उघडलेला नसतो.

तो का उघडला जात नाही, हे वाशीमसारख्या जिल्ह्यात पाहिले की कळते. हा जिल्हा 1 जुलै 1998 रोजी अकोल्यातून वेगळा झाला. राज्यातील बीएस्सी आणि एमएस्सी नर्सिंगच्या पदव्या ज्याच्याकडे आहेत, ते नाशिकचे महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठही त्याच वर्षीचे. 2011 च्या जनगणनेत जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे 12 लाख होती आणि दर पाच माणसांतली चार खेड्यांत राहत होती. देशाच्या आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत महाराष्ट्रातले जे चार जिल्हे आले, त्यांत गडचिरोली, नंदुरबार आणि उस्मानाबादबरोबर वाशीम होता. शासकीय वैद्यकीय महाविद्यालय इथे अगदी अलीकडे आले. 9 ऑक्टोबर 2024 रोजी राज्यातल्या ज्या दहा नव्या महाविद्यालयांचे उद्घाटन झाले, त्यांपैकी ते एक. जुने, भरलेले वैद्यकीय ग्रंथालय हवे तर अकोला, वर्धा किंवा नागपूर गाठावे लागते. रिसोड किंवा मानोऱ्याच्या मुलीजवळ असतो तो मोबाइल आणि सिनियरने दिलेल्या नोट्सची झेरॉक्स. झेरॉक्सवर कोणाचे नाव नसते आणि सालही नसते.

या झेरॉक्समधली अडचण अशी की सिद्धांत जागच्या जागी थांबत नाहीत. हिल्डेगार्ड पेप्लाव यांचा परिचारिका व रुग्ण यांच्या नात्यावरचा ग्रंथ 1952 चा. त्यात त्यांनी या नात्याचे चार टप्पे सांगितले: ओळख पटणे, जवळीक वाटणे, मदतीचा पुरेपूर वापर करणे आणि शेवटी मोकळे होणे. पुढच्या लेखनात त्यांनीच ते तीनवर आणले. परीक्षेच्या उत्तरात कोणी चार लिहिते, कोणी तीन, आणि दोघींनाही चूक ठरवता येत नाही. विचारायचे एवढेच की कोणत्या सालचे पेप्लाव? जीन वॉटसन यांनी 1979 च्या ग्रंथात शुश्रूषेचे दहा घटक दिले. त्याच ग्रंथाच्या 2008 च्या सुधारित आवृत्तीत त्या घटकांच्या जागी 'कॅरिटास' प्रक्रिया आल्या. आकडा दहाच राहिला, पण भाषा आणि रोख बदलला. मार्था रॉजर्स यांच्या 1970 च्या मांडणीतली काही तत्त्वे पुढे गळाली आणि 'एकात्मता' नावाचे तत्त्व त्यांच्या जागी आले. दोन पाठ्यपुस्तकांत दोन याद्या दिसल्या की विद्यार्थिनी गोंधळते, पण बहुधा दोन्ही याद्या आपापल्या सालापुरत्या खऱ्या असतात.

फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांचे उदाहरण याहून बोलके आहे. महाराष्ट्रातल्या नर्सिंगच्या शाळांमध्ये दीपप्रज्वलनाच्या समारंभात पांढऱ्या गणवेशातल्या मुली हातात दिवा घेऊन 'नाइटिंगेल प्रतिज्ञा' घेतात. ती प्रतिज्ञा नाइटिंगेल यांनी लिहिलेली नाही. अमेरिकेतील डेट्रॉइट येथील हार्पर रुग्णालयाच्या प्रशिक्षण शाळेसाठी लिस्ट्रा ग्रेटर यांच्या अध्यक्षतेखालील समितीने 1893 मध्ये ती तयार केली. डॉक्टरांशी एकनिष्ठ राहण्याचे वचन त्यात आहे. सैन्याच्या वैद्यकीय खात्याला आयुष्यभर धारेवर धरणाऱ्या बाईंच्या नावावर ते खपावे, ही गंमतच म्हणायची. दिव्याचेही तसेच. चित्रांत दिसणारा अल्लादिनचा दिवा त्यांच्या हातात नव्हता. क्रिमियातल्या युद्धाच्या काळात स्कुटारीच्या रुग्णालयात वापरात होता तो तुर्की फानूस, म्हणजे घडी घालता येणारा कापडी किंवा कागदी कंदील. या दोन्ही गोष्टी शोधायला मोठे संशोधन लागत नाही.

त्यांच्या 'नोट्स ऑन नर्सिंग' या पुस्तकाचे प्रकाशन 1859 च्या अखेरीस झाले. प्रताधिकार केव्हाच संपल्याने ते प्रोजेक्ट गुटेनबर्ग आणि इंटरनेट अर्काइव्ह या दोन्ही ठिकाणी पूर्ण आणि फुकट वाचायला मिळते. तरी ते वाचणाऱ्या थोड्याच. वाचले तर पहिल्याच पानांत कळते की हे पुस्तक व्यावसायिक परिचारिकांचे पाठ्यपुस्तक म्हणून लिहिलेले नाही. घरात कोणाच्या तरी प्रकृतीची जबाबदारी अंगावर पडलेल्या सर्वसाधारण स्त्रीसाठी ते आहे. त्यात तेरा प्रकरणे आहेत: हवा, घराची आरोग्यदृष्टी, आवाज, अन्न, अंथरूण, उजेड, भिंतींची स्वच्छता, रुग्णाचे निरीक्षण वगैरे. विद्यार्थिनींच्या नोट्समध्ये त्यांना 'तेरा कॅनन' म्हणतात. नाइटिंगेल यांनी पहिला नियम म्हणून जे सांगितले ते शुद्ध हवेबद्दल. तेराच्या तेरा प्रकरणांना नियमाचा दर्जा देऊन त्यांची यादी नंतरच्या लेखकांनी केली. 'पर्यावरण सिद्धांत' हे नावही नाइटिंगेल यांचे नाही. माणूस, पर्यावरण, आरोग्य आणि परिचर्या या चार खांबांची चौकट परिचर्येच्या वाङ्मयात जॅकलिन फॉसेट यांच्या 1984 च्या लेखानंतर रूढ झाली, आणि मग ती मागे नेऊन नाइटिंगेल यांच्या लेखनावर बसवली गेली. तसे करण्यात गैर काही नाही. पण 'नाइटिंगेल यांनी चार संकल्पना मांडल्या' असे लिहून कंसात 1859 घातले की ती चूक होते.

याच नाइटिंगेल यांचा महाराष्ट्राशी धागा आहे. त्या भारतात कधीच आल्या नाहीत, पण चाळीस वर्षे भारताच्या आरोग्यावर लिहीत राहिल्या. सैन्याच्या छावण्यांतली अस्वच्छता, दुष्काळ, शेतसारा, खेड्यांतले पाणी या सगळ्यांवर त्यांनी लिहिले. पुण्याच्या सार्वजनिक सभेशी त्यांचा संबंध होता. मुंबईचे बेहरामजी मलबारी यांचे दयाराम गिडुमल यांनी लिहिलेले चरित्र लंडनहून 1892 मध्ये निघाले, त्याला प्रस्तावना नाइटिंगेल यांची आहे. 1894 मध्ये बुडापेस्टला भरलेल्या आरोग्य परिषदेसाठी त्यांनी भारतातल्या खेड्यांच्या स्वच्छतेवर निबंध पाठवला. हे सर्व लिन मॅकडॉनल्ड यांनी संपादित केलेल्या सोळा खंडांच्या समग्र वाङ्मयात आहे. त्यांतले नववा आणि दहावा हे दोन खंड केवळ भारतावरचे आहेत. नाइटिंगेल जंतूंवर विश्वास ठेवत नव्हत्या, हे सरसकट विधान याच वाङ्मयाच्या आधारे मॅकडॉनल्ड यांनी खोडून काढले. आधी त्या साशंक होत्या, पण पुरावा पुढे आला तसे त्यांचे मत बदलले. म्हणजे मूळ ग्रंथ एक वाचून भागत नाही. लेखिकेचे पुढचे मागचे लेखनही पाहावे लागते.

मूळ ग्रंथापर्यंत नेणारा वाटाड्या म्हणून एक संदर्भग्रंथ भरवशाचा आहे: 'नर्सिंग थिअरिस्ट्स अँड देअर वर्क'. त्याची पहिली आवृत्ती 1986 मध्ये अ‍ॅन मॅरिनर यांच्या संपादनाखाली निघाली. नंतरच्या आवृत्त्यांवर मार्था अ‍ॅलिगुड यांचे नाव आहे. तो दुय्यम स्रोत आहे, हे विसरू नये. त्याची खरी किंमत प्रत्येक प्रकरणाच्या शेवटी आहे. तिथे सिद्धांतकाराचे स्वतःचे लेखन वेगळे आणि इतरांनी त्यावर केलेले लेखन वेगळे दिलेले असते. परिच्छेद उतरवून घेणाऱ्या विद्यार्थिनी नेमकी तीच पाने सोडतात. अफाफ मेलेइस यांचा 1985 पासून निघत आलेला 'थिअरेटिकल नर्सिंग' हा ग्रंथ सिद्धांत कसा तपासावा हे शिकवतो. तो जड आहे, पण पदव्युत्तर अभ्यासाला त्याला पर्याय नाही.

शोधाची साधने तयार करण्याचे काम परिचारिकांनी आणि ग्रंथपालांनीच आधी केले. चौदा मूलभूत गरजांमुळे ज्यांचे नाव प्रत्येक वहीत असते, त्या व्हर्जिनिया हेंडरसन यांनी येल विद्यापीठात बसून 1900 ते 1959 या साठ वर्षांतल्या इंग्रजी परिचर्या-वाङ्मयाची चार खंडांची सूची केली. 1963 ते 1972 या काळात ती प्रसिद्ध झाली. विशेष म्हणजे आपले लेखन 'सिद्धांत' म्हणून मांडण्याचा त्यांचा हेतूच नव्हता. ती परिचर्येची व्याख्या आहे, असे त्या धरत. आज सिग्मा या आंतरराष्ट्रीय परिचर्या संस्थेचे मुक्त भांडार त्यांच्या नावाने सुरू झालेले आहे. त्यातले प्रबंध आणि परिषदांमधले निबंध पैसे न देता उतरवून घेता येतात. दुसरे नाव एला क्रँडल या ग्रंथपाल बाईंचे. 1940 च्या दशकात लॉस एंजेलिसच्या रुग्णालयातल्या परिचारिकांना लेख सापडावेत म्हणून त्या कार्डांवर नोंदी टंकत असत. त्या कार्डांतून 1961 मध्ये छापील सूची निघाली आणि तिचेच पुढे सिनाल झाले. परिचर्येचा हा सर्वांत मोठा डेटाबेस आज एब्स्को या कंपनीकडे आहे आणि त्याला वर्गणी लागते. महाविद्यालयाने घेतली नसेल तर तो दरवाजा बंद.

पबमेडचा दरवाजा मात्र 1997 पासून सर्वांना मोफत उघडा आहे आणि त्यात साडेतीन कोटींहून अधिक नोंदी आहेत. तिथे स्वतःची काळजी स्वतः घेण्याचा सिद्धांत मांडणाऱ्या डोरोथिया ओरेम यांचे नुसते नाव टाकले तर भाराभर लेख येतात, त्यांतले निम्मे बिनकामाचे. पबमेडच्या नोंदींना ठरावीक विषयशब्द जोडलेले असतात. 'नर्सिंग थिअरी' आणि 'मॉडेल्स, नर्सिंग' हे त्यांतले दोन. त्यांपैकी एक विषयशब्द निवडून त्याला 'सेल्फ केअर' जोडले की यादी आटोक्यात येते. एक मर्यादा लक्षात ठेवावी लागते. पबमेडमध्ये मुख्यतः नियतकालिकांतले लेख असतात, आणि परिचर्येचे बहुतेक मोठे सिद्धांत पुस्तकांतून आले. पेप्लाव 1952, ओरेम 1971, किंग 1971, वॉटसन 1979, बेनर 1984, ही सगळी पुस्तके. सिस्टर कॅलिस्टा रॉय यांचा अनुकूलनाचा विचार आधी 1970 मध्ये लेखाच्या रूपात आला आणि पुस्तक 1976 मध्ये झाले, पण असे अपवाद कमी. सिद्धांत पुस्तकात शोधावा आणि तो रुग्णांवर कसा उतरला हे लेखांत, अशी विभागणी केली तर वेळ वाचतो. सिद्धांतांची चर्चा करणाऱ्या नियतकालिकांत 1978 मध्ये सुरू झालेले 'अ‍ॅडव्हान्सेस इन नर्सिंग सायन्स' आणि 1988 चे 'नर्सिंग सायन्स क्वार्टर्ली' ही दोन आधी पाहावीत.

पैशाचा प्रश्न अर्धा सुटला आहे. केंद्राच्या 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन' योजनेला 25 नोव्हेंबर 2024 रोजी मंजुरी मिळाली. तिच्यात 30 प्रकाशकांची सुमारे 13 हजार नियतकालिके आहेत. तीन वर्षांसाठी 6,000 कोटी रुपये ठेवले आहेत आणि कारभार गांधीनगरच्या इन्फ्लिबनेटकडे आहे. पण पहिल्या टप्प्यात ती केंद्र आणि राज्य शासनाच्या उच्चशिक्षण व संशोधन संस्थांपुरती आहे, आणि विदर्भातली अनेक नर्सिंग महाविद्यालये खासगी आहेत. तिथल्या विद्यार्थिनीला दुसरे मार्ग शोधावे लागतात. पबमेड सेंट्रलवर पूर्ण लेख असतात. इन्फ्लिबनेटच्याच शोधगंगेवर देशातले पीएचडी प्रबंध आहेत. इंटरनेट अर्काइव्हवर जुन्या आवृत्त्या मुदतीने वाचायला मिळू शकतात. सर्वांत साधा मार्ग म्हणजे लेखकाला ईमेल करून लेखाची प्रत मागणे. संकोचामुळे हा मार्ग कोणी वापरत नाही. मराठीतून सुरुवात करायची असेल तर मराठी विश्वकोशाच्या ज्ञानमंडळांत परिचर्या हा स्वतंत्र विषय आहे. विश्वकोशाची नोंद प्रबंधात आधार म्हणून देऊ नये, पण इंग्रजी ग्रंथ हातात घेण्यापूर्वी ती वाचली तर पारिभाषिक शब्दांची भीती जाते.

नियतकालिक खरे की खोटे, ही वेगळी कटकट. पैसे घेऊन आठवड्यात लेख छापणारी नियतकालिके भारतात कमी नाहीत, आणि त्यांच्या नावांत 'इंटरनॅशनल' हा शब्द हमखास असतो. जेफ्री बील यांची अशा प्रकाशकांची यादी जानेवारी 2017 मध्ये संकेतस्थळावरून गेली. विद्यापीठ अनुदान आयोगाने केअर यादी काढली होती, तीही बंद केल्याचे फेब्रुवारी 2025 मध्ये जाहीर झाले. त्यामुळे आयती यादी समोर ठेवून निर्णय करण्याचे दिवस संपले. नियतकालिक मेडलाइनमध्ये आहे का, हे अमेरिकेच्या राष्ट्रीय वैद्यकीय ग्रंथालयाच्या सूचीत पाहता येते. मुक्त नियतकालिकांसाठी डीओएजे ही निर्देशिका आहे. भारतीय नियतकालिकांत ट्रेन्ड नर्सेस असोसिएशनचे 'नर्सिंग जर्नल ऑफ इंडिया' 1910 पासून निघते आहे. भारतीय परिचर्येच्या इतिहासावर काही शोधायचे तर सुरुवात तिथून करावी. लेखाला डीओआय क्रमांक असेल तर तो टाकून लेख खरोखर उघडतो का, हे पाहायला अर्धे मिनिट लागते. चॅटबॉटना संदर्भ विचारणाऱ्यांनी तर हे अर्धे मिनिट द्यायलाच हवे. लेखक खरा, नियतकालिक खरे, साल पटण्यासारखे आणि लेख मात्र अस्तित्वातच नाही, असे संदर्भ ही यंत्रे सहज तयार करून देतात.

इतिहासातल्या दाव्यांना हीच कसोटी लावावी लागते. मुंबईच्या कामा रुग्णालयात 1891 मध्ये बाई काशीबाई गणपत यांनी प्रशिक्षणाला प्रवेश घेतला आणि त्या पहिल्या भारतीय परिचारिका, अशी ओळ बहुतेक पाठ्यपुस्तकांत आहे. पाठ्यपुस्तकाचा आधार दुसरे पाठ्यपुस्तक असेल तर आधार एकच धरायचा, दोन नाही. अशी ओळ तपासण्याची जागा म्हणजे रुग्णालयाचे त्या काळातले अहवाल आणि मुंबईचे राज्य पुराभिलेखागार. विसाव्या शतकासाठी मॅडलेन हीली यांचा 2013 चा 'इंडियन सिस्टर्स' हा ग्रंथ आहे. 1907 ते 2007 या शंभर वर्षांतले परिचर्या आणि शासन यांचे नाते त्यांनी मूळ कागदपत्रांवरून लिहिले.

स्रोत सापडल्यावर तो इथल्या माणसाला लागू पडतो का, हा प्रश्न उरतो. डोरोथिया ओरेम यांचा सिद्धांत स्वतःची काळजी स्वतः घेण्याच्या क्षमतेवर उभा आहे. वाशीमच्या खेड्यातल्या मधुमेही बाईचे जेवण मात्र सून रांधते, गोळ्या नातू देतो आणि दवाखान्यात न्यायचे की नाही हे मुलगा ठरवतो. इथे 'स्व' कोण? ओरेम यांनी दुसऱ्याची काळजी वाहणाऱ्या माणसाचाही विचार केला होता. टेलर आणि सहकाऱ्यांनी 2001 मध्ये 'नर्सिंग सायन्स क्वार्टर्ली'त त्याचा जोडसिद्धांत मांडला. झेरॉक्सच्या आकृतीत तो नसतो, म्हणून विदर्भातल्या कुटुंबाला न बसणारी चौकट प्रबंधात बसवली जाते. मॅडेलिन लेनिंजर यांचे तसेच. संस्कृतीनुसार शुश्रूषा बदलते हा त्यांचा विचार न्यू गिनीच्या डोंगराळ भागातल्या गाडसुप लोकांमध्ये राहून केलेल्या अभ्यासातून वाढला. मानोरा तालुक्यात बंजारा समाजाचे पोहरादेवी हे तीर्थ आहे. तिथल्या तांड्यांवर बाळंतिणीची काळजी कशी घेतात, हे लेनिंजर यांच्या ग्रंथात मिळणार नाही. ते कसे विचारावे याची पद्धत मात्र मिळेल. उत्तरे तांड्यावरच्या आजीकडून आणि आशाताईकडून घ्यायची. जिल्ह्याचे आकडे राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या 2019-21 च्या पाचव्या फेरीत वाशीमच्या स्वतंत्र पत्रकात आहेत आणि जनगणनेच्या जिल्हा पुस्तिकेत आहेत. दोन्ही फुकट मिळतात.

शेवटी संदर्भ लिहिण्याचा भाग येतो, आणि तो वरवर किरकोळ वाटतो. ओरेम यांच्या ग्रंथाच्या 1971 ते 2001 या काळात सहा आवृत्त्या निघाल्या. विद्यार्थिनीने पाहिली असेल 2001 ची, तर संदर्भात 2001 लिहावे आणि पानाचा क्रमांक द्यावा. 1971 लिहिल्याने अभ्यास जुना आणि खोल वाटतो, पण ती प्रत तिने पाहिलेलीच नसते. मूळ ग्रंथ सापडलाच नाही आणि मजकूर अ‍ॅलिगुड यांच्या पुस्तकातून घेतला, तर ओरेम यांचे नाव घालून पुढे 'अ‍ॅलिगुड यांच्या ग्रंथातून उद्धृत' असे लिहिण्याची रीत आहे.